चिलीम हे साधन नव्हे



वारीच्या वाटेवर मुक्काम पडला, हरिपाठ झाला, जेवणे उरकली, की एखाद्या राहुटीमागच्या अंधारात चिलीम पेटते. वारी केलेल्यांना हे नवे नाही. सगळ्या दिंड्यांत असे घडते असा आरोप मी करत नाही. शिस्तीच्या फडांत विडीलाही थारा नसतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पण जिथे घडते तिथे आपण डोळे मिटून घेतो. दारू पिऊन कोणी दिंडीत शिरला तर चोपदार त्याला दंडाला धरून बाहेर काढतो. गांजा ओढून आला तर तोच चोपदार म्हणतो, ‘जाऊ द्या, साधू माणूस आहे, त्याचे ते साधन आहे.’

माझा वाद या वाक्याशी आहे. गांजा हे साधन नव्हे. ज्या मनाने नाम घ्यायचे त्या मनालाच तो बिघडवतो. आणि बिघडलेल्या मनाला आपण देवाचे वेड समजून बसलो, तर एका तरुणाचे आयुष्य हातचे जाते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट, कारण पहिली तो एकटा करतो आणि दुसरी आपण सगळे मिळून करतो.

आमचे पेडगाव परभणीजवळ. या भागातल्या एका दिंडीत एक पखवाजी होता. त्याचे नाव-गाव सांगत नाही. तो आज बरा आहे आणि त्याला चारचौघांत राहायचे आहे. हात फार गोड. रात्रभर जागर चालला तरी थकायचा नाही. लोक म्हणत, पांडुरंगाची कृपा. ती कृपा कुठून येते हे राहुटीमागे बसणाऱ्यांना ठाऊक होते. सतराव्या वर्षी सुरुवात झाली, विसाव्या वर्षी रोजचे झाले. मग झोप गेली. भावजय भाकरीत काहीतरी कालवते असे म्हणू लागला. एकटाच हसे, कोणी नसताना उत्तरे देई. ‘माउली माझ्याशी बोलतात’ असे म्हणाला तेव्हा चार-सहा जणांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले. पुढे त्याच आवाजाने त्याला विहिरीकडे नेले. मोटारीपाशी माणूस होता म्हणून वाचला. त्यानंतरही आठ महिने अंगारे, धुपारे, गंडे, देवऋषी झाले. डॉक्टर आले ते सर्वांत शेवटी. आज तो गोळ्या घेतो, शेतात जातो, काकड्याला पखवाज वाजवतो. पण मधली दोन वर्षे गेली ती गेलीच.

पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून खंडन करू नये हा शास्त्राचा दंडक आहे. म्हणून चिलीमवाल्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून घेऊ.

ते म्हणतात, हा शंकराचा प्रसाद आहे. आमच्या भागाला औंढ्या नागनाथाचे सान्निध्य आहे, त्यामुळे हे वाक्य लहानपणापासून कानावर पडते. त्याला उत्तर सोपे आहे. शंकराने हलाहलही प्राशन केले. त्याचा प्रसाद म्हणून कोणी विषाची बाटली पुढे करत नाही. देवाचे सामर्थ्य नसताना त्याच्या हातातली एकच वस्तू उचलायची, आणि तीही आपल्या सोयीची, याला भक्ती म्हणत नाहीत.

दुसरे नाव अधिक नाजूक आहे आणि तेच आमच्याकडे जास्त घेतले जाते. शेगावची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरीला जाते. ती आली की काही जण म्हणतात, ‘गजानन महाराजांच्या हातात चिलीम नव्हती का?’ होती. पण दासगणू महाराजांची पोथी वाचून मग बोला. काशीहून एक गोसावी गांजाचा नवस घेऊन आला, तो लाजत होता, आणि त्याच्या हट्टासाठी महाराजांनी ती वस्तू घेतली, अशी ती कथा आहे. कमळाच्या पानावर पाणी राहावे तसे महाराज तिच्यापासून अलिप्त होते, हेही पोथीच सांगते. मला एवढेच विचारायचे आहे की, राहुटीमागे बसणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला ते अलिप्तपण आहे का? ज्याला एक दिवस पुडी मिळाली नाही तर आईच्या अंगावर धावून जावेसे वाटते, त्याने महाराजांचे नाव मध्ये आणू नये. संतांचा आचार अधिकाराने असतो. आपण त्यांचा उपदेश घ्यावा.

थोडे शिकलेले लोक पतंजलींना साक्षीला आणतात. योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धी पाच मार्गांनी येतात असे सांगताना औषधींचाही उल्लेख आहे, हे खरे आहे. पण तिथेच पोथी मिटायची नसते. त्याच पादात पाचच सूत्रे पुढे गेले की मुनी सांगतात, या सगळ्यांत ध्यानातून घडलेले चित्त तेवढे वासनेच्या संस्कारांपासून मोकळे असते. म्हणजे औषधीने काही चमत्कारिक अनुभव येईलही, पण बंधन सुटणार नाही. शिवाय वारकऱ्याला सिद्धी हव्यात तरी कशाला? आपल्या संप्रदायाने त्या पायरीलाच लावलेल्या आहेत.

आणि तुकोबारायांनी तर या प्रकरणाचा निकाल केव्हाच लावला आहे. तंबाखूची नळी तोंडात धरून आणि भांगेला साधन समजून संतपण मिरवणाऱ्यांवर त्यांनी जे कोरडे ओढले, ते गाथेत आहेत. म्हणजे ही सबब साडेतीनशे वर्षांपूर्वीही दिली जात होती आणि तेव्हाही ती खोटीच होती.

आता सर्वांत प्रामाणिक पूर्वपक्ष. तरुण म्हणतात, ‘बाबा, ओढल्यावर भजनात रंग चढतो, अभंगाचा अर्थ आत उतरतो.’ तसे वाटते, हे मी नाकारत नाही. पण वाटणे आणि होणे यांत अंतर आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले. जे आरंभीही आणि परिणामीही भुरळ घालते आणि झोप, आळस, बेफिकिरी यांतून उपजते, ते तामस. धुराच्या रंगात समजलेला अर्थ सकाळी विचारा. सांगता येत नाही. जागेपणी समजलेला अर्थ चाळीस वर्षांनीही कीर्तनात उभा राहतो.

इथे विज्ञानातली एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकून मला फार समाधान वाटले. गांजात जी मुख्य नशा आणणारी वस्तू आहे तिला टीएचसी म्हणतात. इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ साली ती वेगळी करून दाखवली. पुढे प्रश्न पडला की, माणसाच्या मेंदूत या वस्तूला बसायला जागा मुळात आहेच का? शोध घेता १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत कळले की तशाच कामाची एक वस्तू शरीर स्वतः तयार करते. तिला नाव देताना त्यांनी आपला संस्कृत शब्द घेतला, ‘आनंद’. आनंदामाइड असे तिचे नाव आहे. ही वस्तू शरीर हवी तेव्हा, हवी तेवढी तयार करते आणि काम झाले की मोडून टाकते. भूक, झोप, स्मरण, भय यांचा तोल राखण्यात तिचा वाटा असतो. चिलीम काय करते? त्याच जागांवर बाहेरचा धूर आणून बसवते, वेळ आणि माप न पाहता. ज्या घरात देवाने दिवा लावून ठेवला आहे, तिथे हा बाहेरून पलिते घेऊन शिरतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून सोळा-सतराच्या वयात हा उपद्रव जास्त.

याचा परिणाम मोजलेला आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची पुढची १५ वर्षे नोंद ठेवली गेली. ज्यांनी भरतीपूर्वी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया हा आजार न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळला. घरची परिस्थिती, आधीचे मानसिक त्रास हे सारे हिशेबात घेतल्यावर तो आकडा बराच खाली येतो, पण धोका पुसला जात नाही. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात रोज ओढणाऱ्यांना भ्रमाच्या आजाराचा धोका सुमारे तिप्पट आणि रोज कडक माल ओढणाऱ्यांना जवळजवळ पाचपट दिसला. ज्यांच्या घराण्यात आधी कोणाला असा आजार झालेला असतो, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

प्रत्येक ओढणारा वेडा होतो, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे असत्य ठरेल आणि असत्य सांगून व्यसन सुटत नाही. मुलगा चार माणसे दाखवतो, ‘हे तीस वर्षे ओढतात, यांना काय झाले?’ आणि आपले सगळेच बोलणे खोटे मानतो. त्याला खरे सांगावे. बऱ्याच जणांना आजार होत नाही. पण आळस जडतो, स्मरण क्षीण होते, कामातून मन उडते. काहींना भीतीचे झटके येतात. सोडायला गेले की झोप उडते, चिडचिड होते. आणि काहींचे मन पुरते मोडते. ते काही कोण, हे चिलीम हातात घेताना कोणालाच ठाऊक नसते.

‘इंग्रजांनीही गांजाला निर्दोष ठरवले होते’ असे हल्ली ऐकवले जाते. १८९३-९४ सालच्या सरकारी आयोगाविषयी ते बोलतात. आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल दिला आणि बेताच्या सेवनाने बहुतेकांना फारसा अपाय होत नाही असे म्हटले, हे खरे. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी ढिसाळ होत्या, कारण कळले नाही की गांजा लिहून टाकत, हेही आयोगानेच उघड केले. १८९२ साली गांजा-भांग-चरसाच्या नावावर टाकलेले २२२ रुग्ण त्यांनी पुन्हा तपासले. त्यांतले ९८ तपासणीनंतरही त्याच खाती राहिले. अर्धवट वाचणारे २२२ खोटे ठरले एवढेच सांगतात. उरलेले ९८ कोणाची तरी लेकरे होती. अतिसेवनाने शरीर आणि मन दोन्ही बिघडतात, हेही त्याच अहवालात आहे.

‘परदेशात तर कायद्याने मोकळीक आहे’ असेही म्हणतात. कॅनडाने २०१८ साली मोकळीक दिली, पण वयाची अट घातली. क्युबेक प्रांताने ती २१ वर्षांवर नेली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा बाळगणे, विकणे, ओढणे हा गुन्हा आहे. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. नशा आणणारी वस्तू तिच्यातही तीच आहे.

हा प्रश्न चार गोसाव्यांचा उरलेला नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्यापायी मदतीची गरज आहे, असे तीत आढळले. तुरी-कापसाच्या ओळींत गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कॉलेजला जाणाऱ्या पोराला पुडी मिळवायला आता साधूचा मठ शोधावा लागत नाही. मात्र ती पुडी पावन करून घ्यायला तो आपल्याकडे येतो, ‘वारीत सगळे ओढतात’ असे म्हणत. ही सबब त्याच्या हातात आपण ठेवायची नाही.

आता मुख्य मुद्दा. देवाचे वेड आणि हे वेड यांत फरक कसा करावा? संतांनी भक्तीला वेड म्हटले, पिसे म्हटले, म्हणून आपली फसगत होते. मी साधी खूण सांगतो. देवाचे वेड लागलेला माणूस जगाला जास्त उपयोगी पडतो. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण टाकले नाही. सावतोबांचा मळा सुकला नाही. नरसीचे नामदेवराय पंजाबापर्यंत गेले, तिथल्या लोकांच्या भाषेत बोलले आणि त्यांची ६१ पदे आज गुरु ग्रंथ साहिबात आहेत. झोप उडालेल्या, संशयाने ग्रासलेल्या माणसाचे हे काम नव्हे. भक्तीने माणूस मऊ होतो, घरच्यांवर विश्वास ठेवतो, त्याला भूक लागते, झोप लागते. आजारात झोप जाते, आंघोळ सुटते, आपल्याच माणसांचा संशय येतो, कोणी मागावर आहे असे वाटते, कानात आवाज येतात, आपणच अवतार आहोत असा भास होतो. अशा माणसाच्या पाया पडू नका. त्याच्या हाताला धरा आणि दवाखान्यात न्या.

देवऋषीकडे नेऊ नका. बाहेरची बाधा म्हणणाऱ्यांना चरकसंहितेतले निदानस्थान दाखवा. उन्मादाच्या प्रकरणात चरक म्हणतात, जो स्वतःच्या चुकीने आधी क्लेश ओढवून घेत नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांच्यापैकी कोणीही पीडा देत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपला वैद्य हे सांगून गेला आणि आपण अजून लिंबू उतरवतो. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा दर्ग्याच्या भरवशावर साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मरण पावले. श्रद्धेच्या गावी आणून सोडले म्हणजे आपले कर्तव्य संपते, असे समजणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी.

घाई कशासाठी, तेही सांगतो. गांजामुळे एकदा भ्रमाचा झटका आलेल्या रुग्णांची डेन्मार्कमध्ये पुढे अनेक वर्षे नोंद ठेवली, तेव्हा जवळपास निम्म्यांना कालांतराने स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याचा दीर्घ आजार झाला. म्हणून पहिला झटका ओसरला, ‘आता शुद्धीवर आला’ म्हणून उपचार सोडणे घातक आहे. चिलीम कायमची सुटली पाहिजे आणि औषध डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालले पाहिजे. नामस्मरण औषधाच्या आड येत नाही. सकाळी गोळी घ्यावी, संध्याकाळी हरिपाठ म्हणावा.

अनेक घरे पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. त्यांनी जाणून घ्यावे की, थोड्या मालासह पकडलेला किंवा सेवन केलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद त्याच कायद्यात आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांना भेटता येते. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या त्रासाविषयी आणि १४४४६ वर व्यसनाविषयी फुकट सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आजही लोकांना बाहेर काढत आहे. व्यसनी हा पापी नसून आजारी आहे, या समजुतीवर ते काम उभे आहे, आणि मला त्यात संप्रदायाचाच भाव दिसतो.

आता आपल्या घरातले काम. तुळशीची माळ घालताना मद्य-मांस सोडण्याचा नियम आपण देतो. फडकऱ्यांना माझी विनंती आहे की, त्या नियमात गांजा, चरस, भांग ही नावे स्पष्ट उच्चारावीत. न उच्चारल्याने पळवाट राहते. दिंडीचालकांनी नावनोंदणीच्या वेळीच सांगावे, या दिंडीत चिलीम पेटणार नाही. विणेकरी आणि पखवाजी हे पोरांचे आदर्श असतात; त्यांना हा नियम आधी लागू करावा. कीर्तनकारांनी गाडगेबाबांची आठवण ठेवावी. त्यांनी कीर्तनात उभे राहून दारूवर बोलताना श्रोत्यांच्या रागाची पर्वा केली नाही. आपण बिदागीची पर्वा करतो म्हणून गप्प बसतो, हे उघड बोलायला हवे.

आणि जो ओढताना सापडेल त्याला वाटेत टाकून पुढे जाऊ नका. त्याच्याकडची चिलीम घ्या, त्याला मध्ये चालवा, दोन माणसे सोबत द्या, घरी निरोप पाठवा. परतल्यावर त्याला दवाखान्यात नेणारा माणूस दिंडीनेच ठरवावा. पुढच्या वर्षी तो शुद्ध मनाने पंढरीत उभा राहिला, विठ्ठलाला विठ्ठल म्हणून ओळखू शकला, तर त्या दिंडीची वारी घडली असे मी समजेन.

रामकृष्ण हरी.